बोलायला शिकायचं, त्याला दोन वर्षं कशाला?

ताई,
मी ऐरोलीला राहते, ठाण्याच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.कॉम.ला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. एफ.वाय.ला बिझनेस कम्युनिकेशन होतं, त्यात चांगले मार्क पडले आणि विषय आवडलाही. नंतर नेटवर शोधताना अमेरिकेतली ‘ऑर्गनायझेशनल अँड प्रोफेशनल कम्युनिकेशन’ नावाची मास्टर्स पदवी दिसली. नौपाड्यातल्या एका परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत गेले. ते म्हणाले, ॲडमिशन होईल, कर्जही काढून देऊ, फक्त शनिवारपर्यंत पंधरा हजार भरा. बाबा तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, “बोलायला शिकायचं, त्याला दोन वर्षं आणि एवढे पैसे? लहानपणापासून बोलतेच आहेस की.” दादा म्हणतो, एमबीए कर, एचआर घे. बाबांचंच एक सांगते. मागच्या वर्षी रात्रपाळीच्या माणसाने मशीनचा सेफ्टी सेन्सर धड चालत नाही असं लॉगबुकात लिहिलं होतं. सकाळच्या पाळीने ते पान वाचलंच नाही. एकाच्या बोटांना लागलं आणि मेमो बाबांना मिळाला. असं का होतं हे मला शिकायचंय. पण हा खरंच वेगळा विषय आहे का? नोकरी कसली मिळते? आणि माझं इंग्रजी यथातथाच आहे.
— ऐरोलीची वाचक (नाव छापू नये)

शनिवारचे पंधरा हजार भरू नकोस. बाकीचं निवांत बोलू.

बाबांचा प्रश्न मला आवडला. कोर्सचं नाव ऐकून कुणालाही तेच वाटेल: सूट घालून स्टेजवर उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’ कसं म्हणायचं. तसलं शिकवणारे क्लास ठाणे स्टेशनच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि ते तीन महिन्यांत उरकतात. तेवढंच शिकायचं असेल तर बाबा बरोबर आहेत.

पण तुझ्या पत्रातला लॉगबुकाचा किस्सा बघ. त्यात बोलायला किंवा लिहायला कुणीच कमी पडलेलं नाही. रात्रपाळीच्या माणसाने लिहिलं, सकाळच्याला वाचता येत होतं, तरी निरोप पोचला नाही. का? ते लॉगबुक ठेवलेलं कुठे असतं? पाळी बदलताना दोघांची समोरासमोर गाठ पडते, की पहिला कंपनीची बस पकडायला आधीच गेटवर गेलेला असतो? सेन्सर बिघडलाय म्हणून मशीन बंद करायचा अधिकार कुणाला आहे, आणि बंद केलं तर त्या दिवसाच्या प्रॉडक्शनच्या आकड्याचं उत्तर कुणी द्यायचं? याआधी कुणी असं लिहिलं तेव्हा दुरुस्ती झाली, की “तुलाच बरे सगळे दोष दिसतात” एवढंच ऐकायला मिळालं? मेमो बाबांनाच का, मेंटेनन्सला का नाही? हे प्रश्न पद्धतशीरपणे विचारायचे आणि उत्तरं गोळा करायची, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. तो आहे, वेगळा आहे, आणि त्याला दोन वर्षं पुरत नाहीत असं म्हणणारेही आहेत.

त्याची एक जुनी मुळी कारखान्यातच सापडते. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनची सामग्री बनवणारा. तिथे १९२४ पासून प्रयोग सुरू झाले, ते उजेड वाढवला तर काम वाढतं का हे बघायला. उजेडाचं उत्तर काही सरळ मिळेना. पुढे तिथे वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न असायचे आणि कामगार ते बाजूला ठेवून भलतंच काही बोलायचे. मग मुलाखत घेणाऱ्यांना सांगण्यात आलं, त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. साहेबाला जे महत्त्वाचं वाटतं आणि कामगाराला जे सांगायचं असतं त्यात केवढं अंतर आहे, हे तिथे कागदावर आलं.

दुसरं उदाहरण तुझ्या लॉगबुकाच्या जास्त जवळचं आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. तांत्रिक कारण सगळ्यांना माहीत आहे: बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी, ओ-रिंग, थंडीत नीट काम करू शकली नाही. कम्युनिकेशनच्या वर्गात शिकवतात ती आदल्या रात्रीची गोष्ट. बूस्टर बनवणारी कंपनी होती मॉर्टन थायोकोल, कंत्राटदार. तिच्या अभियंत्यांना या कडीची धास्ती आधीपासून होती. त्यांच्यातले रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी इशाराही दिला होता. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी थायोकोल आणि नासा यांची फोनवर लांबलचक बैठक झाली. अभियंत्यांचं म्हणणं होतं, ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. नासाच्या लोकांना ते रुचलं नाही. कंपनीने थोडा वेळ मागितला, फोन म्यूट झाला, आणि खोलीतल्या वरिष्ठ व्यवस्थापकांनी आपापसात ठरवून परत येऊन सांगितलं: हरकत नाही. तसं लेखीही पाठवलं.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री बैठकीचा रोख असा फिरला की ते असुरक्षित आहे हे अभियंत्यांनीच सिद्ध करावं. आणि ग्राहक नाराज आहे म्हटल्यावर कंत्राटदाराचा सूर बदलला. (हे वाचून तुझे बाबा मान डोलावतील. तुर्भ्यापासून रबाळ्यापर्यंत ज्याने म्हणून ‘पार्टी’साठी माल काढलाय त्याला हे सांगायला नको.) नंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाला आढळलं की ज्यांनी उड्डाणाचा अंतिम निर्णय घेतला, त्यांना अभियंत्यांचा पहिला ‘नको’ माहीतच नव्हता. तो मधल्या पायरीवर राहिला. त्या बैठकीतल्या लोकांचं इंग्रजी उत्तम होतं, हे तुला मुद्दाम सांगते.

आता नावांचा गोंधळ. अमेरिकेत हा विषय भाषण शिकवणाऱ्या विभागांतून वाढला. तिथल्या वक्तृत्वाच्या प्राध्यापकांनी १९१४ मध्ये आपली वेगळी संघटना काढली, आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात चार्ल्स रेडिंग यांच्यासारख्यांनी संस्थेच्या आतलं बोलणं हा स्वतंत्र अभ्यास म्हणून उभा केला. आपल्याकडे तसा एक दरवाजा नाही. पत्रं, मिनिट्स, अर्ज लिहिणं बी.कॉम.च्या पेपरात गेलं. वर्तमानपत्र, जाहिरात, जनसंपर्क मास कम्युनिकेशनमध्ये गेलं. आणि कंपनीच्या आत माणसं कशी वागतात, हे एमबीएच्या ‘ऑर्गनायझेशनल बिहेवियर’मध्ये जाऊन बसलं. त्यामुळे इथे हा विषय शोधताना नुसत्या नावाने शोधलास तर हाती काही लागणार नाही. पब्लिक रिलेशन्स, कॉर्पोरेट कम्युनिकेशन, कम्युनिकेशन मॅनेजमेंट अशा पाट्यांच्या मागे तो तुकड्यातुकड्यांत आहे.

जवळचं म्हणजे मुंबई विद्यापीठाचा कम्युनिकेशन अँड जर्नालिझम विभाग, तिथे पब्लिक रिलेशन्समध्ये (पीआर, म्हणजे जनसंपर्क) एम.ए. करता येतं. विद्यापीठाचं कलिना संकुल तुला रोज जमण्यासारखं आहे: ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. गर्दीचं मी सांगायला नको. झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्समध्ये पीआर आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा डिप्लोमा आहे. घराबाहेर राहायची तयारी असेल तर पुण्यात सिम्बायोसिस, अहमदाबादला मायका, दिल्लीला आयआयएमसी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) अशा संस्था आहेत. फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून माहितीपत्रकाचं गुळगुळीत मुखपृष्ठ उलटून थेट सिलॅबसवर जा.

सिलॅबसमध्ये मी काय बघेन? संशोधन पद्धतीचा पेपर आहे का, आणि त्यात विद्यार्थ्यांना खऱ्या ऑफिसात किंवा कारखान्यात पाठवून मुलाखती, निरीक्षण करायला लावतात का. ‘कम्युनिकेशन ऑडिट’ हा शब्द कुठे दिसतो का. म्हणजे एखाद्या संस्थेत निरोप कुठून निघतात, कुठे अडतात याची तपासणी. संकटकाळातल्या संवादावर काही आहे का. आणि लिहायला किती लावतात. दोन वर्षांत नुसते पीपीटी करून सुटका होणार असेल तर त्या कोर्सला लांबूनच नमस्कार. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या एम.ए.च्या पहिल्या वर्षात संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंग दोन्ही आलं आहे. ते ट्रेनिंग बहुतेक जण कुठल्यातरी एजन्सीचं सर्टिफिकेट आणून उरकतात. तू ते एमआयडीसीत कर. पाळी बदलताना निरोप कसा दिला जातो, एवढाच विषय घे. तुझ्या घरात त्या विषयातला जाणकार बसलेला आहे; बाकीच्या मुलांना असा माणूस शोधत फिरावं लागेल.

इंग्रजीचं म्हणशील तर मी तुला खोटा धीर देणार नाही. या क्षेत्रात इंग्रजी लागतं, आणि ते लिहिण्याचं लागतं: नेमकं, लहान वाक्यांचं, चूक नसलेलं. उच्चारांची काळजी सोड. पण ठाणे-बेलापूर रोडवरून तू रोज जातेस, तर जरा दोन्ही बाजू बघ. एका बाजूला काचेचे आयटी पार्क, तिथे ईमेलपासून कॅन्टीनच्या सूचनेपर्यंत सगळं इंग्रजीत. दुसऱ्या बाजूला शॉपफ्लोअर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं ती जागा, तिथे मराठी, हिंदी, भोजपुरी. आणि कितीतरी कंपन्या अशा आहेत की ज्यांचे निर्णय एका भाषेत होतात आणि काम दुसऱ्या भाषेत. मी नोकरीत असताना एक टाउनहॉल, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांची एकत्र सभा, पाहिला होता. मोठे साहेब इंग्रजीत दोन पाळ्यांच्या नव्या वेळा समजावत होते, सुंदर स्लाइड होत्या. मागे कंत्राटी कामगार उभे. नंतर चहाच्या रांगेत एका लाइन सुपरवायझरने त्यांना सांगितलं, “एक तारखेपासून अर्धा तास आधी यायचं. बस तीच, थांबा तोच.” पगारी कम्युनिकेशन टीमचं काम त्याने चहा घेता घेता केलं, आणि ते कुठल्याच अहवालात आलं नाही.

कायद्यालाही हे फार पूर्वी कळलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात अशी तरतूद केली होती की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, आणि त्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ, सहज दिसेल अशा जागी लावाव्यात. प्रत्यक्षात काही ठिकाणी मराठी सूचना अशी असते की तिच्यापेक्षा इंग्रजी सोपं वाटावं. ‘सुरक्षा उपकरणांचे परिधान अनिवार्य आहे’ याऐवजी ‘हेल्मेट घातल्याशिवाय आत यायचं नाही’ असं लिहिणारं माणूस कंपन्यांना हवं असतं. त्यांना ते अजून ठाऊक नसतं इतकंच. मराठी माध्यमाची म्हणून तू स्वतःला एक पायरी खाली धरू नकोस. रोज एक करत जा. इंग्रजी सर्क्युलर मिळव, ते शॉपफ्लोअरवर लावता येईल अशा मराठीत लिही, दोन दिवसांनी मूळ न बघता ते परत इंग्रजीत आण. वर्षभर केलंस तर तुझं इंग्रजीही सुधारेल आणि दाखवायला एक फाइलही तयार होईल.

अमेरिकेबद्दल. पदवी खरी आहे आणि तिथे चांगले विभागही आहेत. पण कन्सल्टन्सीवाले जे सांगत नाहीत ते ऐक. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. पहिलं म्हणजे तुझं बी.कॉम. तीन वर्षांचं, आणि तिथली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. काही मागत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं. दुसरं, ‘प्रोफेशनल’ असं नाव असलेले काही अभ्यासक्रम तिथल्या नोकरदारांसाठी असतात, संध्याकाळचे किंवा पूर्ण ऑनलाइन. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. तिसरं, आणि कर्जाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं: शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा साधारण १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणाऱ्या पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात. कम्युनिकेशनच्या बहुतेक पदव्या त्या यादीत नसतात. म्हणजे घरावर कर्ज काढून गेलीस तर ते डॉलरमध्ये फेडायला तुझ्याकडे एक वर्ष. हे नियम तिथलं सरकार बदलूही शकतं, त्यामुळे अर्ज करताना विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला स्वतः ईमेल करायचा, एजंटमार्फत नाही. एक वाट मात्र खरी आहे. तिथल्या काही कम्युनिकेशन विभागांत एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांना भाषणकला शिकवायचं काम देतात आणि बदल्यात फी माफ करून थोडं मानधनही देतात. त्याला टीचिंग असिस्टंटशिप म्हणतात. ती मिळाली तर जा. कन्सल्टन्सीत जाऊन विचार, “या कोर्सला असिस्टंटशिप आहे का?” आणि समोरच्याचा चेहरा बघ.

नोकरी कसली मिळते? कंपन्यांमध्ये इंटर्नल कम्युनिकेशन, कॉर्पोरेट कम्युनिकेशन, ट्रेनिंग. पीआर एजन्सी. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये टेक्निकल रायटिंग, म्हणजे यंत्र किंवा प्रणाली कशी वापरायची याच्या पुस्तिका लिहिणं. सरकारी बाजूला महापालिकांचे जनसंपर्क विभाग आहेत, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. त्याच्या जागा निघतात तेव्हा बहुधा पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, म्हणून कोर्स निवडण्याआधीच जुन्या जाहिराती वाचून ठेव. पहिली नोकरी फार रम्य नसेल. वाढदिवसाचे मेल, दिवाळीचा इ-न्यूजलेटर, साहेबांच्या भाषणाचे मुद्दे, आणि ‘फोटोत मी नीट आलो नाही’ ही तक्रार. हे मसुदे आता एआयही पाडून देतं, आणि म्हणून नुसतं छान लिहिणाऱ्याचा भाव उतरलाय. कुणाला, कधी, कुणाच्या तोंडून सांगितलं तर ऐकलं जाईल, हे ज्याला माणसांत राहून कळलंय तो टिकतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बी.कॉम. झाल्यावर वर्ष-दीड वर्ष नोकरी कर. महापे, रबाळे, ऐरोली, वागळे इस्टेट, जिथे मिळेल तिथे. एचआर ॲडमिनमध्ये, कस्टमर सपोर्टमध्ये, डिस्पॅचमध्येसुद्धा. मिटिंगमध्ये कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कुणाला सीसीमध्ये ठेवतात आणि कुणाला वगळतात, हे वहीत टिपत जा. मग एम.ए.ला गेलीस तर पुस्तकातली प्रत्येक संकल्पना कुणाच्या तरी नावाने लक्षात राहील. (नावं परीक्षेत लिहू नकोस.)

बाबांच्या मेमोचं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस. त्यांनी लेखी उत्तर दिलं होतं का? दिलं नसेल आणि प्रकरण अजून फाइलमध्ये असेल, तर त्यांच्याबरोबर बसून एका पानाचं उत्तर तयार कर. कुठल्या तारखेला, कुठल्या पाळीत, लॉगबुकाच्या कुठल्या पानावर नोंद होती. हँडओव्हरची ठरलेली पद्धत काय आणि त्या दिवशी काय घडलं. पुढे काय बदल हवेत. रागाचा शब्द नको, माफीही उगाच नको. युनियन असेल तर आधी तिथल्या जाणत्या माणसाला दाखवा. बाबा त्यावर सही करतील की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवू दे, त्यांना तिथे रोज जायचंय.

दादाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एमबीए-एचआरला नोकऱ्यांची संख्या जास्त आहे आणि त्यात कामगार कायदेही शिकवतात, जे तुला दोन्हीकडे उपयोगी पडतील. मात्र ते बऱ्या संस्थेतूनच करावं, आणि तिथे पोचायला राज्य सीईटी सेलच्या परीक्षेत चांगले पर्सेंटाइल लागतात. नोकरी करता करता ती परीक्षा एकदा देऊन बघ. चांगली संस्था मिळाली तर विचार कर, नाही मिळाली तर कलिना आहेच. फॉर्म भरायचं काम दादाला दे, सुचवलंय त्याने.